दुबईचा जुना पिकअप स्वस्त पडत नाही

कोल्हापुरात वर्षानुवर्षे ऐकू येतं: दुबईहून जुना पिकअप मागवला की निम्म्यात पडतो. हे चुकीचं आहे, आणि यात माणसाचे पैसे अडकतात.

आयातीची वापरलेली गाडी उत्पादनाच्या तारखेपासून ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि स्टेअरिंग उजवीकडेच हवं. दुबईतल्या गाड्यांचं सहसा डावीकडे असतं, म्हणजे बहुतेक सौदे इथेच संपतात. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणि हेडलाइट डावीकडून चालण्याच्या नियमाला जुळणारे लागतात. गाडी फक्त मुंबई बंदरात उतरते. मग पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत चाचणी. ५ वर्षं सर्व्हिस मिळेल याची हमीही आयात करणाऱ्यानेच द्यायची.

कस्टम ड्युटी नुसत्या गाडीच्या किमतीवर नसते. जहाजभाडं आणि विमा धरून बसते, आणि त्या सगळ्यावर पुन्हा जीएसटी. खरा आकडा इथे फुगतो.

गुळाचे रवे मार्केट यार्डात न्यायला इथलीच गाडी घ्या. क्लचप्लेट गेली तर पार्ट त्याच दिवशी मिळायला हवा. जुनी घेताना चेसिस नंबर आरसीशी जुळवा, हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि ती नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी हातात घ्या.