शेर, मापटे आणि वाटी

जुन्या पाककृतीतला ‘शेर’ ग्रॅममध्ये बदलण्याआधी तो कोणता शेर, हे ठरवावे लागते. महाराष्ट्रात शेर दोन होते. एक तागडीचा, दुसरा मापाचा.

तागडीचा शेर तोळ्यांवर बसवलेला: पाच तोळ्यांची छटाक, चार छटाकांचा पावशेर, सोळा छटाकांचा म्हणजे ८० तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून हा शेर ९३३ ग्रॅम भरतो. मापी शेर हे धान्य मोजायचे भांडे. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. यात वजनाचा संबंधच नाही. शिवाय पायली गावोगावी लहानमोठी. माप सपाट भरले की शीग लावून, यानेही फरक पडे. धान्याचा ढीग काठावर टोकदार चढला की तो ‘शिगेला’ पोहोचला.

दाणा मापाने आणि गूळ, तूप, मसाला तागडीने, अशी विभागणी घरात मुरलेली होती. आपली वाटी ही त्या चिपट्या-मापट्याचीच वारसदार.

वजने-मापे कायदा १९५६ साली झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. घोळ झाला तो आकडे गोळाबेरीज करताना. पावशेर २३३ ग्रॅमचा, तो सोयीसाठी पाव किलो म्हणजे २५० धरला गेला. छटाक ५८ ग्रॅमची, ती मात्र ५० धरली की उलट घटते. ‘पावशेर कैरीला छटाक मीठ’ हे प्रमाण चारास एक असते. असे बदलल्यावर ते पाचास एक होते. मीठ कैरीच्या २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येते, आणि वर्षभर टिकायचे लोणचे याच फरकाने बिघडू शकते. म्हणून जुनी कृती बदलताना आधी सगळे जिन्नस छटाकांत किंवा तोळ्यांत मांडावेत, गुणोत्तर काढावे, मगच ग्रॅम घालावेत. तोळ्याचीही तीच गत: सराफाकडे आज तोळा म्हणजे १० ग्रॅम, जुन्या कृतीत ११.६६.

मापाची कृती वजनात आणताना धोका वेगळा. १५० मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ आणि साखर यांचे वजन साधारण १२५ ग्रॅम येते, इतके ते जवळ आहेत. त्यामुळे भाजणीतल्या डाळ-तांदळाचे प्रमाण वाट्यांनी घ्या की वजनाने, फारसे बिघडत नाही. पण त्याच भाजणीत पोहे आले की हिशेब बदलतो, कारण वाटीभर पोहे तांदळाच्या निम्म्याहूनही कमी भरतात. धण्यांचेही तसेच, वाटीला जेमतेम ५० ग्रॅम. गोड्या मसाल्यात ‘चार वाट्या धणे’ म्हणजे सुमारे २०० ग्रॅम; तिथे अर्धा किलो धणे घातले तर बाकीचा मसाला त्यात हरवतो.

सगळ्यात नाजूक उकडीचे मोदक. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, हे मापाचे प्रमाण. तांदळाची पिठी वाटीत सुमारे ९५ ग्रॅम बसते, पाणी १५० ग्रॅम. म्हणजे वजनाने पाणी पिठाच्या दीडपटीहून थोडे जास्त आहे. तराजूवर १०० ग्रॅम पिठी आणि १०० ग्रॅम पाणी घेतले तर उकड कोरडी राहते आणि कळ्या पाडताना पारी चिरते. दुसरी चूक पिठी दाबून भरल्याने होते: त्याच वाटीत २० ग्रॅम जास्त पीठ सहज मावते आणि पाणी पुन्हा कमीच पडते. पिठी चाळून, चमच्याने हलकी घालून, काठाशी सुरी फिरवून सपाट करावी. हाती तराजू असेल तर आपल्या वाटीतली पिठी एकदा तोलून आकडा डब्यावर लिहावा. जुन्या, कोरड्या तांदळाची पिठी पाणी जास्त ओढते, तेव्हा दोन चमचे आधण बाजूला राखून ठेवणे बरे.