जागतिक परिषद टोकियोला पोहोचायला ३६ वर्षं का लागली?

तौलनिक साहित्य म्हणजे वेगवेगळ्या भाषांतल्या साहित्याचा तुलना करून केलेला अभ्यास. या विषयाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय तौलनिक साहित्य संघाची पहिली परिषद १९५५ साली व्हेनिसला भरली. आशियात ती पहिल्यांदा आली १९९१ साली, टोकियोमध्ये. मधल्या दिरंगाईचं कारण केवळ अंतर किंवा पैसा यांत शोधून चालणार नाही. ते या विषयाच्या जडणघडणीतच आहे.

जर्मन कवी गटेने १८२७ मध्ये आपला सहकारी एकरमान याच्यापाशी विश्वसाहित्याचा, म्हणजे सगळ्या जगाचं मिळून एक साहित्य असण्याचा, विचार बोलून दाखवला, तेव्हा तो एक चिनी कादंबरी वाचत होता. पुढच्या अभ्यासकांनी मात्र युरोपची वेस क्वचितच ओलांडली. १८७७ मध्ये ह्यूगो मेल्ट्झल आणि सामुएल ब्रासाई यांनी आज रुमानियात असलेल्या क्लुझ शहरातून या विषयाला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. मेल्ट्झल यांनी तुलनेसाठी दहा भाषांचा आग्रह धरला. आइसलँडिकसारख्या छोट्या भाषेलाही त्यांत मानाचं स्थान होतं, ही मोठीच गोष्ट. पण आशियातली एकही भाषा त्यांत नव्हती.

दोन महायुद्धांनी युरोपातले विद्वान पांगले. नाझींनी नोकरीवरून काढलेल्या जर्मन अभ्यासक एरिख आउअरबाख यांनी आपला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ इस्तंबूलमध्ये लिहिला. युद्धानंतर तुटलेले धागे जोडण्याच्या ओढीतून संघ उभा राहिला. मात्र १९५८ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिलच्या दुसऱ्याच परिषदेत समीक्षक रेने वेलेक यांनी थेट मुळावर बोट ठेवलं. कोणत्या देशाच्या लेखकाचा कोणावर किती प्रभाव पडला, हे मोजत बसणं म्हणजे आपल्या राष्ट्राच्या नावे जमा वाढवण्याची सांस्कृतिक हिशेबनिशी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. असे प्रभाव शोधण्यावर भर देणाऱ्या फ्रेंच परंपरेतल्या अभ्यासकांना ते झोंबलं. माझ्या मते वेलेक यांचं निदान अचूक होतं, पण त्यांच्या डोळ्यांसमोरचं जगही प्रामुख्याने पाश्चात्त्यच होतं. ही उणीव १९६३ मध्ये फ्रेंच अभ्यासक रेने एतियांब्ल यांनी ठासून मांडली.

खरं तर आशियात हे काम कधीच सुरू झालं होतं. १९०७ मध्ये कोलकात्यात रवींद्रनाथांना तौलनिक साहित्यावर बोलायला सांगितलं गेलं आणि त्यांनी विश्वसाहित्यावर व्याख्यान दिलं. व्हेनिसच्या परिषदेला वर्षही लोटलं नव्हतं किंवा जेमतेम लोटलं होतं, तेव्हा, १९५६ मध्ये, बंगाली कवी बुद्धदेव बसूंनी कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला. म्हणजे अभ्यासक होते, विचारही होता. परिषदेचं यजमानपद तेवढं इकडे येत नव्हतं.

टोकियोनंतर प्रिटोरिया, हाँगकाँग, रिओ, सोल, तिबिलिसी अशी ठिकाणं वाढत गेली. संघाच्या अधिकृत भाषा मात्र दोनच आहेत, फ्रेंच आणि इंग्रजी.