लहान विमानाचे इंधन-नियोजन

विमान किती वेळ हवेत राहू शकेल आणि त्यातला किती वेळ प्रवासावर खर्चायचा, याचा उड्डाणापूर्वीचा हिशेब. टाकीत भरतात लिटर, पण वैमानिक मोजतो तास. वाऱ्यामुळे जमिनीवर कापले जाणारे अंतर बदलते, ताशी खप मात्र जवळपास तोच राहतो.

सातारा जिल्ह्यातील कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली. तिथून नागपूर सरळ रेषेत सुमारे ३६० नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५ किमी). चार आसनी सेसना १७२ एस विमानात वापरता येणारे इंधन साधारण २०० लिटर, खप ताशी ३५ लिटर धरू. ११० नॉट (ताशी नॉटिकल मैल) वेगाने, वारा नसताना, सव्वातीन तास आणि ११५ लिटर लागतात. समोरून २५ नॉटचा वारा असला की सव्वाचार तास, १४८ लिटर. त्यात टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणे) व चढाईचे जादा १०, पर्यायी विमानतळापर्यंतच्या पाऊण तासाचे २६ आणि अर्ध्या तासाच्या अंतिम राखीव साठ्याचे १८ मिळवले की बेरीज २०२. म्हणजे वाटेत उतरणे आले. तिथे एव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, आहे का, हे आधी फोन करून विचारावे. धावपट्टी आहे म्हणजे इंधन आहेच असे नाही, आणि जेट इंधन या पेट्रोल इंजिनाला चालत नाही.

आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार दृश्य नियमांखाली (बाहेर डोळ्यांनी बघत उडताना) अंतिम साठा दिवसा ३० मिनिटांचा, रात्री ४५ मिनिटांचा. तो भरायचा, पण प्रवासात वापरायचा म्हणून धरायचाच नाही.

वजनाचीही अडचण असते. २०० लिटर एव्हगॅस म्हणजे सुमारे १४४ किलो, त्यामुळे चार मोठी माणसे आणि काठोकाठ टाक्या एकत्र बहुधा बसत नाहीत.

नुसता इंधनाचा काटा बघून निघणे हा आळस. पंखावर चढून टाकीत मोजपट्टी बुडवतात, मग तळातून थोडे इंधन बाटलीत काढतात: ते निळे हवे, तळाशी रंगहीन थर दिसला तर पाणी. वर गेल्यावर इंधन-हवेचे मिश्रण पातळ केले नाही, म्हणजे त्यातले इंधन कमी केले नाही, तर पुस्तकातला खप प्रत्यक्षात मिळत नाही.

हवेत इंधन घेत राहण्याचा विक्रमही याच जातीच्या विमानाचा. १९५८-५९ मध्ये लास व्हेगासला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी सेसना १७२ सुमारे ६५ दिवस उडत ठेवले. धावत्या ट्रकमधून नळी वर ओढून इंधन घेत. ते उतरले ते इंजिनात काजळी साचून ताकद घटल्यामुळे.