सरसकट म्हणजे संपूर्ण नव्हे

‘सरसकट कर्जमाफी’ ऐकून ऐकून सरसकट म्हणजे संपूर्ण, असा समज रुजला आहे. तो चूक. हा शब्द रकमेबद्दल बोलतच नाही, निवडीबद्दल बोलतो: पात्र-अपात्र न पाहता सगळ्यांना एकच माप. प्रत्येकाचे फक्त पन्नास हजार माफ केले तरी माफी सरसकट. मोजक्यांचं सगळं कर्ज फेडलं तर ती त्यांच्यापुरती संपूर्ण, पण सरसकट नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या योजनेत दीड लाखांची मर्यादा होती आणि निकषही, म्हणजे ती ना संपूर्ण, ना सरसकट.

माणसांबद्दल वापरला की शब्दाला दोष चिकटतो. ‘राजकारणी सरसकट चोर’ म्हणजे फरक न बघता सगळे एका दावणीला. ‘सरसकट सगळे’ ही मात्र द्विरुक्ती नाही: ‘सगळे’ किती ते सांगतं, ‘सरसकट’ कसे ते.