मारणारा बॉयफ्रेंड नेमका कुठल्या रकान्यात बसतो? थोडी पार्श्वभूमी

‘डेटिंग व्हायलन्स’ला, म्हणजे लग्नाआधीच्या प्रेमाच्या नात्यात होणाऱ्या मारहाणीला, मराठीत धड शब्दच नाही, आणि अर्धा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे दोन शब्द चालतात, पेपरवाल्यांचं ‘एकतर्फी प्रेमातून’ आणि पोलीस स्टेशनचं ‘फूस लावून’. पहिल्यात मुलगी नाही म्हणालेली असते, दुसऱ्यात ती हो म्हणाली असली तरी अल्पवयीन म्हणून ते धरायचं नसतं. आता जी स्वतःहून हो म्हणाली, चार-सहा महिने बरं चाललं, मग तो फोनचा पासवर्ड मागायला लागला, आणि एक दिवस क्लासच्या पार्किंगमध्ये कानाखाली ठेवून दिली, ती मुलगी कुठे जाणार?

१९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका मुलीला जाळलं होतं. मी तेव्हा सातवीत. आमच्या गल्लीत त्याचा परिणाम काय, तर मुलींची शिकवणी संध्याकाळऐवजी दुपारची झाली आणि घोळक्याने यायचं-जायचं ठरलं. मुलांना कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही. बरोबर तीस वर्षांनी हिंगणघाटला भर रस्त्यात एका प्राध्यापिकेला पेटवलं तेव्हाही मथळा तोच, एकतर्फी प्रेम. या शब्दाने जाळणारासुद्धा प्रेमिक ठरतो हे अजून कुणाला खटकत नाही. मागे लागणं, पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा झाला तोसुद्धा २०१३ मध्ये, आणि पहिल्यांदा केला तर जामीनपात्र.

१८९१ चा संमतीवयाचा वाद, त्यावरून पुण्यात झालेला राडा, हे सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. तेव्हा दहाचं बारा झालं, पुढे १९२५ ला चौदा, १९४९ ला सोळा. त्या सगळ्या वादात समोर मुख्यतः नवरा होता, बॉयफ्रेंड ही भानगड कुणाच्या डोक्यातच नव्हती.

खरी गोष्ट २०११ ते २०१३ या दोन वर्षांत घडली आणि त्यावर फार कमी बोललं जातं. पोक्सोचा, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचा, पहिला मसुदा आला त्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या संमतीला जागा होती, म्हणजे जबरदस्ती नसेल तर गुन्हा नाही. संसदीय समितीने ती काढून टाकायला सांगितली. कारण असं की संमतीचा मुद्दा आला की कोर्टात आरोपी राहतो बाजूला आणि मुलीचीच उलटतपासणी होते. कारण अगदी वेडगळ नव्हतं, कोर्टात मुलींचं काय होतं ते बघितलेल्या कुणालाही ते पटेल. पण त्यात दोघं सतरा वर्षांची स्वतःहून भेटलेली आणि एक चाळिशीचा शेजारी, सगळे एकाच टोपलीत गेले. १४ नोव्हेंबर २०१२ ला कायदा लागू झाला, महिनाभराने दिल्लीची निर्भयाची घटना, मग नेमलेल्या समितीने संमतीचं वय सोळाच ठेवा म्हटलं, फेब्रुवारीच्या वटहुकमात अठरा, मार्चच्या विधेयकात परत सोळा, मग सर्वपक्षीय बैठक आणि पुन्हा अठरा! भाजीचा भाव ठरवतात तसं. त्या धावपळीत नात्यातल्या मारहाणीचा विषय कुठेच आला नाही असं मला तरी दिसतं.

पोक्सोचं कलम १९ मात्र मुलींच्या तब्येतीवर आलं. गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना सांगायचंच, नाही सांगितलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे पाळी चुकली म्हणून सतराची मुलगी ओपीडीत आली, केसपेपरवर वयाचा रकाना आला, की आई म्हणते अठरा लिहा, डॉक्टर आधार कार्ड मागतात, आणि दोघी गपचूप उठून निघून जातात. पुढे कुठे जातात, तर गोळ्या देणाऱ्याकडे. त्या मुलीच्या दंडावर वळ आहेत का हे विचारायची वेळच येत नाही.

आरोग्य खात्याची गाडी तोपर्यंत वेगळ्या रुळावर होती. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं निघाली, २०१४ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात दहा ते एकोणीस वयोगटासाठी हिंसा हा विषय कागदावर तरी आला. पण शाळेत बोलायचं दार २००७ मध्येच लैंगिक शिक्षणावरून गोंधळ होऊन राज्याने लावून घेतलं होतं. आणि मोजायचं म्हटलं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला जो २९.३ टक्क्यांचा आकडा सगळे सांगतात तो १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांचा आणि नवऱ्याच्या मारहाणीचा.

सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलगी आणि पालक म्हणाले तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरने पोलिसांना कळवायची गरज नाही. २०२३ मध्ये कायदा आयोगाने संमतीचं वय अठराच ठेवा, पण सोळा ते अठराच्या केसेसमध्ये शिक्षा कमी करायची मुभा कोर्टाला द्या असं सुचवलं. त्याच वर्षी एका हायकोर्टाने मुलींनी वासनांवर ताबा ठेवावा असा उपदेश केला, तो निकाल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिरवला. वाद सगळा संमतीच्या वयाचाच.

पार्किंगमधली ती कानाखाली मात्र होती तिथेच आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा एका घरात राहिलेल्यांसाठी, त्यामुळे तो लागत नाही. पाठलागाचं कलम लागत नाही कारण ती स्वतःच भेटायला गेलेली. साधी मारहाण अदखलपात्र, त्यामुळे पोलीस स्टेशनला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतात, एक कागद हातात देतात, आणि जास्त काही सांगायला गेली तर हवालदार विचारतो, वय किती, घरी माहीत आहे का?