बालवाडीतल्या मुलांसाठी डिजिटल गेम बनवणं

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोबाईल किंवा टॅबलेटवर शिकण्याचे खेळ तयार करायचे, हे ते काम. गेम डिझाइनचाच प्रकार, पण इथे खेळणाऱ्याला अजून वाचताच येत नाही, त्यामुळे ‘सुरू करा’, ‘पुढे’ अशी बटणं लिहून काही उपयोग नसतो, जे सांगायचं ते आवाजातून, चित्रातून किंवा स्क्रीनवर हलणारा हात दाखवून सांगायचं आणि तेही एका वेळी एकच.

या कामाची मुळं जुनी आहेत. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीत बालवाडी काढली आणि लाकडी ठोकळे, चेंडू मुलांच्या हातात दिले. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, त्यांच्या साधनांत चूक साधनच दाखवतं, दट्ट्या (मूठ असलेला लाकडी गोल ठोकळा) चुकीच्या भोकात नीट बसत नाही. चांगले गेम हेच करतात, तुकडा चुकला तर तो गुपचूप जागेवर परत जातो. उलट बऱ्याच गेममध्ये चुकल्यावर ‘टर्रर्र’ असा गमतीचा आवाज लावलेला असतो आणि मुलं तो ऐकायलाच मुद्दाम चुकीच्या चित्रावर बोट ठेवत बसतात. चूक ही बरोबरपेक्षा मजेदार असता कामा नये, एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं.

दुसरा भाग हाताचा. २०१० मध्ये आयपॅड आला आणि माऊस धरण्याची अडचण गेली, पण नवीन अडचणी आल्या. ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम बनवणाऱ्या सेसमी वर्कशॉपने २०१२ मध्ये टॅबलेटसाठी मार्गदर्शक काढलं, त्यानुसार बोट टेकवणं, रेघ ओढणं, सरकवणं लहान मुलांना सहज जमतं पण चिमटीने मोठं करणं, दोनदा टॅप करणं, टॅबलेट तिरका करणं अवघड जातं. शिवाय मूल टॅबलेट मांडीवर घेतं आणि मनगट खालच्या कडेवर टेकवतं, तिथे ‘बंद करा’चं बटण असलं की खेळ मधेच संपतो आणि मुलाला कळतच नाही आपण काय केलं. म्हणून खालची कड मोकळी ठेवायची, बटणं निदान दोन सेंटीमीटरची.

मराठीत बनवताना मात्र खरी कसोटी लागते, आणि इथेच भाषांतर करून आणलेले गेम पडतात. ‘च’ शिकवायचाय, चित्रं ठेवली चाक आणि चेंडू. लिहायला दोन्हीकडे च, पण बोलताना दोन वेगळे आवाज, तसंच झाड आणि झेंडा, जाळं आणि जहाज. ज्याला फक्त कानाने ओळखायचंय त्या मुलाला दोन्ही एकच अक्षर म्हणून दाखवलं तर ते गोंधळणारच, आधी एकच आवाज घ्यावा, दुसरा नंतर. ळ विसरून चालत नाही, बाळ, फळ, केळं हे शब्द मुलाला शाळेच्या आधीपासून येतात. फॉन्टही बघावा लागतो, कारण ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत आणि राज्य सरकारने २००९ मध्ये ती ठरवून दिली आहेत, पण गिरवायच्या खेळात बरेचदा हिंदी वळणच येतं आणि पुढे शाळेत बाई वेगळं शिकवतात.

वेळेचं बंधन आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. त्यामुळे खेळ चार-पाच मिनिटांत आपणहून संपायला हवा, ‘अजून एक लेव्हल’ची ओढ लावू नये. जाहिराती तर अजिबात नकोत. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे.

अंगणवाडीचा विचार तर वेगळाच करावा लागतो. तिथे फोन असतो तो ताईंचा, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरच्या नोंदींसाठी, आणि समोर वीसेक मुलं. अशा ठिकाणी एकाने खेळायचा गेम भांडणच लावतो. त्यापेक्षा फोनवरून बेडकाचा आवाज यावा, सगळ्यांनी उड्या माराव्यात आणि मग ताईंनी टॅप करावं, असा खेळ चालतो.

चाचणी घेताना मुलांना ‘आवडलं का?’ विचारू नये, ती हो म्हणतात. बाजूला बसून बघायचं की बोट आधी कुठे जातं आणि मूल मान वर करून मोठ्या माणसाकडे कधी बघतं. त्याच ठिकाणी सूचना कळलेली नसते.