तब्रिझची लाल टोपी आणि विजापूरचा दरबार

1519 च्या सुमाराला इराणच्या शहाचा वकील विजापुरात आला. बहमनी राज्य मोडून दख्खनेत नवे सुलतान उभे राहिले होते खरे, पण बाहेरच्या जगाच्या लेखी ते अजून कालपरवाचे सरदारच होते. या वकिलाने आणलेल्या पत्रात मात्र इस्माईल आदिलचा उल्लेख स्वतंत्र राजा म्हणून होता. इस्माईल हरखून गेला. सरदारांनी आणि शिपायांनी यापुढे बारा टोकांची लाल टोपी घालावी, असा हुकूम त्याने काढला. शुक्रवारच्या नमाजात इराणच्या राजघराण्यासाठी दुआ मागायची, हेही ठरलं.

आदिलशाहीचा इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने ही हकिकत नोंदवली आहे. तिच्यातली गंमत अशी, की या इस्माईलची आई मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या घरची होती. म्हणजे मराठा आईच्या पोटी जन्मलेला, दख्खनेत वाढलेला राजा हजारो मैलांवरच्या तब्रिझची टोपी आपल्या फौजेच्या डोक्यावर चढवत होता. ती टोपी इथवर कशी आली, याचा माग काढू लागलं की सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतली जवळजवळ सगळी मोठी उलथापालथ वाटेत भेटते.

टोपीचं मूळ अर्दबीलमध्ये, कास्पियन समुद्राजवळच्या एका सूफी दर्ग्यात आहे. शेख सफी यांच्या नावाने चाललेली ही परंपरा आधी शांत, भजनी वळणाची होती. पंधराव्या शतकात तिने हत्यार हाती घेतलं. शेख हैदर याने मुरिदांना, म्हणजे शिष्यांना, बारा इमामांची खूण म्हणून बारा घड्यांची लाल टोपी दिली. तिच्यावरून त्यांना तुर्कीत किझिलबाश, म्हणजे ‘लाल डोक्यांचे’, असं नाव पडलं. 1488 मध्ये हैदर लढाईत मारला गेला, तेव्हा त्याचा मुलगा इस्माईल पुरता वर्षाचाही नव्हता. पुढे गिलानच्या जंगलपट्टीत तो लपून वाढला आणि 1501 मध्ये, जेमतेम चौदाव्या वर्षी, तब्रिझमध्ये शहा म्हणून गादीवर बसला.

बसल्या बसल्या त्याने जाहीर केलं, की राज्याचा धर्म आता बारा इमामांचा शिया पंथ. आज इराण म्हटलं की शिया हे समीकरण इतकं पक्कं वाटतं, की तेव्हा तिथली बहुसंख्य प्रजा सुन्नी होती हे लक्षातच राहत नाही. नवा पंथ शिकवायला पुरेसे पंडितही जवळ नव्हते. ते पुढे लेबनॉनमधल्या जबल आमिलसारख्या भागांतून आणावे लागले. बाकीचं काम तलवारीने केलं. किझिलबाशांच्या लेखी इस्माईल नुसता राजा नव्हता, त्यांचा पीर होता आणि पिराहूनही काही जास्त होता. ‘खताई’ या नावाने त्याने तुर्कीत केलेल्या कवितांत तो स्वतःबद्दल जे दावे करतो, ते वाचून कुठल्याही मौलवीने कानावर हात ठेवले असते.

विजापूरपर्यंत ही खबर पोचायला वेळ लागला नाही. इस्माईल आदिलचा बाप यूसुफ आदिल याने 1502-03 च्या सुमाराला आपल्या राज्यात शिया खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजातलं शिया पद्धतीचं प्रवचन, वाचायला लावला. धर्मनिष्ठेबरोबर त्यात राजकारणही होतं. दख्खनेत दरबारी माणसांचे दोन तट होते. एक इराण-तुर्कस्तानाकडून समुद्रमार्गे आलेल्या आफाकींचा, दुसरा इथे रुजलेल्या दख्खनींचा. 1481 मध्ये बहमनी वजीर महमूद गवानचा बळी गेला तो याच भांडणात. यूसुफ आफाकींपैकी होता, आणि आफाकींमध्ये शिया पुष्कळ. शेजारी मात्र बिथरले. बीदर, अहमदनगर आणि गोवळकोंडा एकत्र येऊन त्याच्यावर चालून गेले. यूसुफ पळून वऱ्हाडात इमादशहाकडे गेला. त्याच्या सल्ल्याने त्याने सुन्नी खुतबा पुन्हा सुरू केल्याचं दाखवलं आणि वादळ ओसरल्यावर परत आपलंच खरं केलं.

तिकडे टोपी पूर्वेलाही निघाली होती. 1510 च्या डिसेंबरात मर्वजवळ शहा इस्माईलने उझबेकांच्या शैबानी खानाला मारलं आणि त्याच्या कवटीला सोन्याने मढवून पेला करवला. या विजयाचा आयता फायदा काबूलमध्ये बसलेल्या बाबराला झाला. इस्माईलच्या मदतीने 1511 मध्ये त्याने वडिलोपार्जित समरकंद परत जिंकलं. पण मदतीची किंमत होती. बाबर किझिलबाशांच्या वेषात शहरात शिरला. समरकंदचे लोक सुन्नी. आपला तैमूरवंशी राजा एकदा गादीवर बसला की हा वेष टाकून देईल, या आशेवर ते होते. तसं झालं नाही, लोकांचं मन उडालं आणि पुढच्याच वर्षी उझबेकांनी त्याला हुसकावलं. समरकंदचा नाद कायमचा सुटल्यावर बाबराची नजर हिंदुस्थानाकडे वळली. पानिपतचं एक बीज असं या टोपीत आहे. हे जरा ओढूनताणून वाटेल, पण समरकंद हाती राहिलं असतं तर बाबर सिंधू ओलांडून आला असता असं मला वाटत नाही.

पश्चिमेला अनातोलियात हीच टोपी घालणारे हजारो लोक उस्मानी सुलतानाची प्रजा होते, आणि हीच इस्तंबूलची डोकेदुखी. 1511 मध्ये तिथे शाहकुलू या किझिलबाश पुढाऱ्याचं बंड झालं. म्हातारा सुलतान बायेझिद ढिला पडतोय असं म्हणत 1512 मध्ये त्याचा मुलगा सेलीम याने त्याला बाजूला सारलं. सेलीमने आधी किझिलबाशांची कत्तल केली, इराणी रेशमाचा व्यापार अडवला आणि मग तो थेट इस्माईलवर चालून गेला. 23 ऑगस्ट 1514 रोजी चाल्दिरानच्या मैदानात गाठ पडली. इस्माईलकडे होतं घोडदळ आणि आपला पीर हरूच शकत नाही हा विश्वास. सेलीमकडे होत्या तोफा, साखळ्यांनी एकमेकींना जखडलेल्या गाड्या आणि त्यांच्या आडून बंदुका चालवणारे जानिसारी, म्हणजे सुलतानाचं खडं पायदळ. दिवस मावळायच्या आत पीर हरला. इस्माईल जिवंत निसटला, पण 1524 मध्ये मरेपर्यंत त्याने पुन्हा स्वतः लढाईचं नेतृत्व केलं नाही.

म्हणजे विजापूरकरांनी ज्या शहाची टोपी कौतुकाने डोक्यावर घेतली, त्याचा चाल्दिरानला पराभव होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. दुरून दबदबा जरा उशिरापर्यंत टिकतो.

सेलीम तिथे थांबला नाही. 1516 मध्ये अलेप्पोजवळ मर्ज दाबिकला त्याने इजिप्तच्या मामलूक सुलतानाला, कान्सूह घूरीला, हरवलं. सुलतान रणातच मेला. जानेवारी 1517 मध्ये कैरो पडलं. मक्का-मदिनेची राखण त्यामुळे उस्मानी घराण्याकडे आली. मामलूक एवढ्या लवकर का कोसळले, याचं एक उत्तर तोफांचं आहे आणि दुसरं आपल्या किनाऱ्यावरचं. मिरी आणि मसाल्याच्या जकातीवर कैरोचा खजिना भरत असे. 1498 नंतर पोर्तुगीजांनी तोच झरा वळवायला घेतला. गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा सामुरी यांनी हाक दिल्यावर मामलुकांनी अमीर हुसेनच्या हाताखाली आरमार धाडलं. त्यासाठी लागणारं लाकूडही इजिप्तमध्ये नव्हतं. ते उस्मानी मुलखातून आणलं, म्हणजे जे पुढे कैरो घेणार होते त्यांच्याकडूनच.

मार्च 1508 मध्ये हे आरमार चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना भिडलं. गुजरातच्या सुलतानाचा दिव बंदरातला सुभेदार मलिक अयाज आपली गलबतं घेऊन येताच पोर्तुगीजांचं पारडं फिरलं. व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा लॉरेन्सो याचं जहाज पाणी भरून कललं आणि खाडीत मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. तिथेच तो मारला गेला. चौलच्या कोळ्यांनी जागतिक इतिहासात आपला हात लागल्याचं कधी ऐकलंही नसेल. मुलाच्या मृत्यूने पेटलेल्या आल्मेदाने 3 फेब्रुवारी 1509 रोजी दिव बंदरासमोर मामलूक आरमाराचा चुराडा केला. नोव्हेंबर 1510 मध्ये तिमोजा या स्थानिक हिंदू दर्यासरदाराच्या मदतीने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा घेतला. यूसुफ नुकताच वारला होता आणि गादीवर लहानगा इस्माईल होता. कारभारी कमालखान दख्खनी याचं लक्ष गोव्यापेक्षा विजापूरच्या गादीवरच जास्त. त्याने पोर्तुगीजांशी तह केला, सुन्नी खुतबा परत आणला आणि गादी बळकावण्याच्या बेतात 1511 मध्ये मारला गेला. त्याच्यामागे आफाकी पुन्हा वर आले, शिया खुतबाही आला. आल्बुकर्कचे मनसुबे तर फारच लांबचे होते. मक्का मारायची, कैरोला कोंडीत धरायचं, आणि त्यासाठी मित्र हवा म्हणून त्याने शहा इस्माईललाच मैत्रीचे सांगावे धाडले. कॅथलिक सेनापती आणि शिया शहा, शत्रू एक असला की पंथ आड येत नव्हता.

युरोपातली धर्मक्रांती या सगळ्यापासून वेगळी वाटते, कारण ती आपल्याला वेगळ्या धड्यात शिकवली जाते. पण 1505 मध्ये आल्मेदाला घेऊन निघालेल्या ताफ्यात औग्सबुर्गच्या फुग्गर पेढीचे पैसे होते. हंगेरीतल्या खाणींचं तांबं ही पेढी अँटवर्प-लिस्बनला पोचवी. पोर्तुगीज ते हिंदुस्थानात आणून मिरी विकत घेत. याच पेढीकडून कर्ज काढून आल्ब्रेख्त या जर्मन राजपुत्राने माइन्झच्या आर्चबिशपची गादी मिळवली होती. ते फेडायला त्याच्या मुलखात पापमाफीची पत्रं विकायला काढली. निम्मे पैसे रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मे फुग्गरांच्या हिशोबात. त्यावर विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथर या भिक्षूने 31 ऑक्टोबर 1517 रोजी 95 मुद्दे लिहून आल्ब्रेख्तलाच पाठवले. दोन वर्षांनी पाचवा चार्ल्स पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखांचा, सम्राट म्हणून निवडून आला. त्या निवडणुकीत मतदार राजांना वाटलेल्या सुमारे साडेआठ लाख गिल्डरांपैकी पाच लाखांहून जास्त फुग्गरांचे होते.

एवढा बलाढ्य सम्राट एका भिक्षूला का चिरडू शकला नाही? पुष्कळ कारणं आहेत, पण सेलीमचा मुलगा सुलेमान हे त्यातलं फार मोठं. 1526 च्या उन्हाळ्यात श्पायरच्या सभेत जर्मन राजांनी धर्माचा प्रश्न तात्पुरता ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडला. सभा संपते न संपते तोच, 29 ऑगस्टला, मोहाचला हंगेरीचा राजा लुई सुलेमानपुढे हरून मेला. 1529 मध्ये तुर्क व्हिएन्नाच्या वेशीवर होते. 1532 मध्ये न्यूरेंबर्गला चार्ल्सने ल्यूथरपंथीयांना सवलत दिली, कारण तुर्कांविरुद्ध त्यांची फौज आणि पैसा हवा होता. आधी तुर्क ही देवाची शिक्षा म्हणणारा ल्यूथरही 1529 पर्यंत तुर्कांशी लढायला हवं असं लिहू लागला होता.

त्याच 1526 मध्ये, 21 एप्रिलला, बाबराने पानिपतावर गाड्या एकमेकींना चामड्याच्या दोरांनी बांधून त्यांच्याआडून तोफा-बंदुका चालवल्या. ही रूमची, म्हणजे उस्मानी तुर्कांची, रीत असं तो आत्मचरित्रात स्वतःच सांगतो. चाल्दिरानला इस्माईलचा घात करणारी युक्ती त्याच्या एके काळच्या आश्रिताने बारा वर्षांनी दिल्लीच्या दारात वापरली. गोव्यात त्याच वर्षी पोर्तुगीजांनी गावकऱ्यांचे हक्क आणि रीतिरिवाज ‘फोराल’ म्हणून लिहून काढले. धर्मांतराची सक्ती आणि इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं धर्मन्यायालय, अजून यायचं होतं. तूर्त सारा वसूल होणं महत्त्वाचं होतं.

विजापुरात टोपी पंधराएक वर्षं टिकली. 1534 मध्ये इस्माईल वारला. थोरला मुलगा मल्लू काही महिन्यांतच पदच्युत झाला आणि इब्राहिम गादीवर आला. त्याने सुन्नी खुतबा सुरू केला, लाल टोपी बंद केली, बहुतेक आफाकींना नोकरीतून काढलं आणि दख्खनींना भरती केलं. आणखी एक बदल त्याने केला. जमाखर्चाचे कागद फारसीऐवजी ‘हिंदवी’त लिहायला लावले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे दिलं. फिरिश्त्याचा शब्द ‘हिंदवी’ असला तरी आपले इतिहासकार त्याचा अर्थ बहुधा मराठी असाच घेतात, आणि आदिलशाहीचे पुढचे मराठी कागद पाहता तो पटतो.

अहमदनगरात नेमका याच सुमाराला काटा उलट फिरत होता. शाह ताहिर नावाचा विद्वान इराणातून पळून दख्खनेत आला होता. त्याचा स्वतंत्र शिष्यवर्ग खुद्द शहा इस्माईलला खटकला होता. विजापूरने त्याला विचारलं नाही. परांड्यात त्याचा मान झाला आणि तिथून तो बुरहान निजामशहाच्या दरबारात पोचला. बुरहानचा लाडका मुलगा अब्दुल कादिर मरणाच्या दारातून परत आला, तो शाह ताहिरने सांगितलेल्या नवसामुळे असं बुरहानच्या मनाने घेतलं. 1537 च्या आसपास निजामशाही शिया झाली. तेव्हा तिच्याविरुद्ध एकवटलेल्या सुन्नी राजांत गुजरात आणि खानदेशाबरोबर विजापूरही होतं. पस्तीस वर्षांपूर्वी याच कारणासाठी इब्राहिमच्या आजोबावर चालून गेलेल्या फौजांत अहमदनगरची फौज होती.